पाण्यात गप्प राहणारे उंदीर

आलेख फार सुंदर होता. मला पहिला संशय आला तो त्यामुळेच.

तेव्हा मी पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करत होते. विषय औषधशास्त्राचा, त्यातही नैराश्यावरच्या औषधांचा. एका वनस्पतीच्या मुळांचा अर्क पांढऱ्या उंदरांना द्यायचा आणि तो नैराश्यावर काही काम करतो का ते बघायचं, असं माझं काम होतं. उंदराचं नैराश्य मोजतात कसं, हा प्रश्न मला प्रत्येक नातेवाइकाने विचारलेला आहे. माझ्या लग्नात तर गुरुजींनी होम पेटवता पेटवता विचारला होता.

मोजतात ते असं. काचेचं एक उभं नळकांडं असतं. त्यात कोमट पाणी भरायचं आणि उंदराला अलगद आत सोडायचं. तळाला पाय टेकत नाहीत, काच गुळगुळीत असल्यामुळे वर चढता येत नाही. उंदीर आधी जोरात पोहतो, काचेला नखं मारतो, गोल गोल फिरतो. मग केव्हातरी थांबतो. नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून नुसता तरंगत राहतो. हे न हलण्याचे सेकंद आपण मोजायचे. नैराश्यावरचं औषध मिळालेला उंदीर जास्त वेळ धडपडतो, कमी वेळ गप्प राहतो, असं बऱ्याच वर्षांपासून दिसत आलं आहे. ठरलेली मिनिटं झाली की त्याला बाहेर काढायचं, टॉवेलने पुसायचं आणि दिव्याच्या उबेत ठेवायचं. कुणी बुडत नाही. हे मला नेहमी मुद्दाम सांगावं लागतं.

आमच्या प्रयोगात उंदरांचे तीन गट होते. एकाला नुसतं पाणी, दुसऱ्याला बाजारात मिळणारं माहितीचं औषध, तिसऱ्याला आमचा अर्क. सकाळी औषध देणं आणि उंदरांना पाण्यात सोडणं मी करत असे. समोर कॅमेरा लावलेला असे. नंतर ते व्हिडिओ बघून सेकंद मोजायचं काम माझ्याबरोबरच्या एका संशोधकाचं होतं. तो मला दोन वर्षांनी सीनियर, मूळचा पुण्याचाच, हुशार आणि भयंकर घाईत असणारा. आमच्या दोघांच्याही मार्गदर्शक एकच मॅडम होत्या.

त्याने काढलेला आलेख मॅडमच्या टेबलावर होता. एकेका उंदराचा एकेक ठिपका; पाणी दिलेले उंदीर सगळे एका उंचीवर, अर्क दिलेले सगळे खालच्या उंचीवर, आणि मध्ये स्वच्छ मोकळी जागा. मॅडम त्या आलेखाकडे नातवाचा फोटो बघावा तशा बघत होत्या.

"पेपर लिहायला घ्या," त्या म्हणाल्या.

मी त्या उंदरांना रोज हातात घेत होते. त्यांच्यात एक आळशी होता, तो पाण्यात पडल्या पडल्याच तरंगायचा. एक इतका हट्टी होता की शेवटपर्यंत थांबायचाच नाही. दोघंही एकाच गटातले. ते या आलेखात कुठे गेले? जिवंत प्राणी एवढ्या एकमताने कधीपासून वागायला लागले?

मी काही बोलले नाही. मी मूळची अमरावतीची. पुण्यात येऊन मला एवढं कळलं होतं की इथे प्रश्न विचारण्याआधी उत्तर हातात असलेलं बरं. पण त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले.

आणि नजर ठेवली की सगळंच दिसायला लागतं. मी खोलीत शिरले की तो लॅपटॉपचं झाकण खाली करायचा. डबा एकट्यानेच खायचा. व्हिडिओ घरी घेऊन जायचा, 'इथे नीट लक्ष लागत नाही' म्हणायचा. एरवी यातल्या कशाकडेच मी दोनदा बघितलं नसतं. आता मात्र प्रत्येक गोष्ट पुराव्यासारखी वाटत होती. तो मनमोकळं हसून बोलला, तरी मला वाटायचं, आज हा इतका मोकळा का?

याच सुमाराला घरी माझ्यावर कुणीतरी नजर ठेवायला लागलं होतं.

आम्ही कोथरूडला राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई एका सरकारी खात्यात हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. बाईंची जीभ मोठी धारदार. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा फोनवर 'येतेय' ऐवजी आमच्याकडचं 'येऊन राहिले' म्हणाले, तर शांतपणे विचारलं, "येतेयस की राहतेयस? एक काय ते ठरव, त्याप्रमाणे कणीक भिजवते." मला राग आला होता, पण हसूही आलं होतं. पुढे आमचं बरं जमलं.

त्या वर्षी मात्र त्या हळूहळू विझत गेल्या. आधी सोसायटीच्या हिशेबाचं काम सोडलं. मग वर्तमानपत्र नुसतं मांडीवर पडून राहायला लागलं. आंघोळ दुपारपर्यंत लांबायची. बोलणं 'हो' आणि 'नको' एवढ्यावर आलं. नवरा म्हणायचा, वय झालं आता. मला ते वय वाटत नव्हतं. बरेच दिवस समजावल्यावर त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाल्या. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली आणि बजावलं की हिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, धीर धरा.

ती गोळी म्हणजे आमच्या दुसऱ्या गटातल्या उंदरांना देत होतो तेच औषध होतं. मी तसं बोलून गेले, त्यांना धीर यावा म्हणून.

त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"ही तुझ्या उंदरांना देतेस?"

"हो. हीच."

"मग त्यांना बरं वाटतं?"

"ते जास्त वेळ पोहतात."

"मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय," त्या म्हणाल्या आणि गोळी तोंडात टाकली.

त्यानंतर त्यांचं माझ्याशी वागणं बदललं. मी केलेला चहा घ्यायच्या नाहीत, उठून स्वतःचा वेगळा टाकायच्या. ताटात वाढलेली भाजी आधी चमच्याने उलटीपालटी करून बघायच्या. मी त्यांच्या खोलीत शिरले की माझ्या हातांकडे बघायच्या. एकदा जेवताना, मीठ मागावं तितक्या साध्या सुरात त्यांनी विचारलं, "माझ्या आमटीत काही घालत नाहीस ना?"

नवरा मोठ्याने हसला. "अगं आई, काहीतरीच काय."

मला हसू आलं नाही. त्यांनीही हसण्यासाठी विचारलं नव्हतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, उत्तराची वाट बघत.

"नाही हो आई," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वाटी हातभर बाजूला सरकवली.

मला ते फार लागलं. आजाराचा भाग म्हणून सोडून द्यावं, तर मनात यायचं, हा आजार आहे की मुळातच त्यांना माझा भरवसा नव्हता आणि आजारपणाने फक्त भीड गेली? परक्या गावची, उंदरांना पाण्यात सोडणारी सून. तिने घरातही काही करून बघितलं तर? मला स्वतःलाच आरशात माझा चेहरा जरा संशयास्पद वाटायला लागला होता.

पण गोळी सुरू होऊन दोनेक आठवडे झाले असतील नसतील, आणि त्या एकदम सुधारल्या. सकाळी वेळेवर आंघोळ. जेवताना टेबलाशी येऊन बसायच्या, "छान झालीये भाजी," म्हणायच्या. संध्याकाळी खाली एक फेरी मारून यायच्या. मला विचारायच्या, "आज कसा गेला दिवस?" माझा चहाही प्यायला लागल्या. नवरा खूश. त्याने डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आई नव्वद टक्के बरी आहे. हे टक्के त्याने कुठून काढले, त्यालाच माहीत.

"बघ, लागू पडली गोळी," तो मला म्हणाला.

मी 'हो' म्हणाले. पण मला तो आलेख आठवत होता.

इतक्या लवकर? डॉक्टरांनी आठवडे सांगितले होते. आणि सुधारणा तरी कशी, रोज सारखी, एकही दिवस कमी नाही की जास्त नाही. आणखी एक गोष्ट होती. गोळी सुरू झाली त्या दिवसांत त्यांना मळमळायचं, तोंडाला सारखी कोरड पडायची. पाण्याची बाटली घेऊन घरभर फिरायच्या. ती बाटली आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथी पडलेली असायची. शरीराला औषधाची सवय होते, हे मला माहीत आहे. पण ती अशी एका दिवसात, नळ बंद केल्यासारखी होत नाही. औषध पोटात जातंय, तर त्याच्या खुणा कुठे गेल्या?

घरात संशय, कॉलेजात संशय. मी वैतागून गेले होते. कॉलेजातला आधी निस्तरावा असं ठरवलं, कारण तो सोपा वाटत होता.

एका रविवारी मी त्या व्हिडिओंच्या प्रती घेतल्या आणि स्टॉपवॉच घेऊन स्वतः मोजायला बसले. प्रत्येक व्हिडिओवर पिंजऱ्याचं नाव होतं, म्हणजे कुठला उंदीर अर्काचा हे मला दिसत होतं. संध्याकाळपर्यंत मी बरेचसे मोजले. माझ्या आकड्यांत आमच्या अर्काचा परिणाम शून्य होता. उलट अर्क दिलेले उंदीर नुसतं पाणी दिलेल्या उंदरांपेक्षाही जरा जास्तच गप्प दिसत होते. मला धक्का बसला, आणि खोटं का बोलू, आनंदही झाला. चोर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "सगळे व्हिडिओ नावं बदलून पुन्हा मोजूया का? म्हणजे मोजणाऱ्याला कुठला गट ते कळणार नाही."

तो लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाला, "डेटा क्लीन आहे. कशाला टाइम घालवायचा?"

"क्लीन असेल तर पुन्हाही तसाच येईल."

आता त्याने वर बघितलं. "तुझा माझ्यावर डाऊट आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

मी सरळ मॅडमकडे गेले आणि माझे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. मॅडम फार कमी बोलत. त्यांनी माझे आकडे बघितले, त्याचे बघितले, चष्मा काढून पुसला.

"त्याने मोजताना त्याला गट माहीत होते?"

"हो."

"आणि तू मोजताना?"

मी माझा कागद स्वतःकडे ओढला.

"मला पण माहीत होते," मी म्हणाले.

"प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीकडे मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवला, त्यात काय लिहिलं होतं आपण? मोजणाऱ्याला गट माहीत नसेल, असंच ना?"

तसंच लिहिलं होतं. तिघांच्याही सह्या होत्या. घाईत ते राहूनच गेलं होतं, आणि राहून गेलंय का, हे मॅडमनीही विचारलं नव्हतं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतः बसून सगळ्या व्हिडिओंची नावं बदलली, कुठलं कुठलं आहे ते स्वतःपाशीच ठेवलं आणि आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत मोजायला बसवलं.

तो पूर्ण आठवडा आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो, तर तो मोबाइल काढायचा आणि मी रसायनशास्त्राच्या खोलीकडे काहीतरी काम असल्यासारखी वळायचे. तिकडे माझं काहीच काम नव्हतं.

मोजताना मात्र वेगळंच घडत होतं. आता स्क्रीनवर नुसता एक उंदीर आणि एक निरर्थक आकडा. तो थांबला, की जरा पाय हलवला? हे थांबणं धरायचं की नाही? आधी हे प्रश्न मला पडलेच नव्हते. आता दर थोड्या वेळाने स्टॉपवॉचवर अंगठा अडखळत होता. उंदीर कधी स्पष्ट थांबत नाही. तो मागचा एक पाय जरासा हलवतो, नाक वर राहावं एवढ्यापुरता. ते पोहणं की तरंगणं, हे आपण ठरवतो. आणि कुठला गट ते माहीत असलं, की आपल्याही नकळत ते ठरलेलं असतं.

मॅडमनी दोघांचे आकडे एकत्र मांडले. माहितीच्या औषधाचा परिणाम दोघांच्याही मोजणीत स्पष्ट दिसत होता, म्हणजे चाचणी नीट झाली होती. अर्काचा परिणाम होता, पण अगदी पुसट. त्याच्या पहिल्या आलेखातली ती मोकळी जागा गेली होती, सगळे ठिपके एकमेकांत मिसळले होते. आणि माझ्या रविवारच्या मोजणीतला 'उलटा परिणाम'ही गेला होता. गट माहीत नसताना त्याचे आणि माझे आकडे जवळजवळ जुळत होते.

मॅडम आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "याला उंदीर पोहायला हवे होते. हिला ते थांबायला हवे होते. उंदीर काय करत होते ते कुणीच बघितलं नाही."

बाहेर आल्यावर तो व्हरांड्यात थांबला. मला वाटलं, आता भांडेल. तो म्हणाला, "तू मला चोर समजत होतीस."

"हो," मी म्हणाले. या वेळी नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"मी मुद्दाम एकही सेकंद बदललेला नाही. मला खरंच तसं दिसत होतं."

"ते मला आता कळलं."

"आता," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

आधीचे व्हिडिओ आम्ही एकदा गट माहीत असताना बघितलेले होते, म्हणून पुढे नवीन उंदरांवर सगळा प्रयोग पुन्हा केला. पुसट परिणाम आणखी पुसट झाला. आमचा पेपर झाला नाही. माझा प्रबंध वर्षभर लांबला आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण 'या अर्काने काही विशेष घडत नाही' हे सांगण्यात गेलं. प्रयोग संपल्यावर नियमाप्रमाणे उंदरांना मारावं लागतं. ते काम कधीच सोपं नव्हतं. त्या वेळी ते सगळ्यात जड गेलं, कारण पहिल्या खेपेचे उंदीर आमच्या डोळ्यांपायी फुकट गेले होते.

पण हे सगळं नंतर. मॅडमच्या खोलीतून बाहेर पडले त्या दिवशी मी घरी आले, तेव्हा माझ्या डोक्यात सासूबाई होत्या. त्यांच्या कपाटात गोळ्यांच्या पट्ट्या शोधायच्या, असं मी त्याआधी ठरवून ठेवलं होतं. त्या फेरीला गेल्या की बघायचं. आता तो बेत मला नको वाटायला लागला. चोरून बघून काय दिसतं, ते नुकतंच कळलं होतं.

दुपारची वेळ होती. त्या गॅलरीत बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि एक जुडी घेतली.

"आई, गोळ्या घेताय ना?"

"घेते की."

"मला नाही तसं वाटत."

त्यांचा हात थांबला. "कशावरून?"

"तुमच्या तोंडाला आता कोरड पडत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं. गेल्या काही आठवड्यांतलं ते गोड बघणं नव्हतं.

"उंदरांचीही तोंडं अशीच बघतेस का?"

"त्यांची जास्त बघते."

त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "थोडे दिवस घेतल्या. मग बेसिनमध्ये टाकायला लागले."

"का?"

"तुझ्या उंदरांचं औषध म्हणालीस. म्हटलं, ही आपल्याला पण पोहायला लावतेय. जास्त हालचाल केली की म्हणणार, बरी झाली."

त्याच पुढे म्हणाल्या, "तुम्ही दोघं दिवसभर माझ्याकडे बघत होतात. जेवले का, आंघोळ केली का, हसले का. तो ऑफिसातून फोन करून तुला विचारायचा, मला ऐकू यायचं. मग म्हटलं, हसून दाखवू. आंघोळ करून दाखवू. केलं, तर तुमचं बघणं बंद झालं. सोपं होतं."

"आणि आतून?"

"आतून काय. सकाळी डोळा उघडला की वाटतं, आता हा दिवस उचलायचा कसा." हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. मेथीची पानं मात्र त्या नीट देठापासून खुडत होत्या.

मग त्यांनीच विचारलं, "तो उंदीर थांबतो, म्हणजे त्याने आशा सोडली, हे कुणी ठरवलं? मी असते तर मीही थांबले असते. काच चढता येत नाही हे कळल्यावर उगाच दम का घालवायचा?"

मी खरं ते सांगितलं. हाच प्रश्न आमच्या क्षेत्रात पुष्कळ लोक विचारतात. काही म्हणतात, तो हताश होतो. काही म्हणतात, तो शिकतो, शक्ती वाचवतो. उंदराला विचारता येत नाही.

"मग तुम्ही मोजता काय?"

"नेमकं काय, ते माहीत नाही," मी म्हणाले. "एवढंच माहीत आहे की काही औषधांनी ते सेकंद कमी होतात. आणि त्यातली काही औषधं काही माणसांना खरंच उपयोगी पडतात. कुणाला पडतील, ते आधी सांगता येत नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

त्यांनी टोपलीतली मेथी हाताने सारखी केली. "हे आधी सांगायचंस," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, तुला सगळं माहीत आहे आणि तू लपवतेयस."

पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांची एक अट होती, आत कुणी यायचं नाही. नवऱ्याला ते आवडलं नाही. "मी सांगतो ना त्यांना नीट," तो म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, "तू मागच्या वेळी नव्वद टक्के सांगितलेस. उरलेले दहा मी सांगते."

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. त्या आत बराच वेळ होत्या. नवरा सारखा दाराकडे बघत होता. "काय सांगत असेल एवढं?" तो म्हणाला. माझ्याबद्दल सांगत असतील, आमटीबद्दल सांगत असतील, असं माझ्या मनात आलं. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नवीन गोळी होती, आणि दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊन बोलायचं होतं.

सुरुवातीचे बरेच दिवस काही झालं नाही. 'छान झालंय' म्हणणं बंद झालं. आंघोळ पुन्हा लांबली. नवरा म्हणाला, आधीची गोळीच बरी होती. मग एके दिवशी त्या वर्तमानपत्र वाचताना दिसल्या, आणि त्यानंतरचे दोन दिवस खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. मग सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या टाकीवरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मग पुन्हा शुकशुकाट. एक दिवस वर, एक दिवस खाली, कधी आठवडा नुसताच सपाट. नवऱ्याची काळजी वाढत होती. मला मात्र पहिल्यांदाच वाटायला लागलं की हे खरं असावं. हे वाकडंतिकडं होतं, कुणी दाखवण्यासाठी केलेलं दिसत नव्हतं. तरीही मी स्वतःला बजावत होते की आता तुला त्या बऱ्या व्हायला हव्या आहेत, तेव्हा तुझ्याही बघण्याचा फार भरवसा धरू नकोस.

माझी पीएचडी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या 'काही घडत नाही'च्या प्रकरणावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. माझ्याबरोबरचा तो संशोधक माझ्या आधीच पदवी घेऊन हडपसरच्या एका कंपनीत लागला. आमची मैत्री पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. मध्यंतरी एका परिसंवादात भेटला. चहाच्या रांगेत माझ्या मागे उभा होता. म्हणाला, तिथे मोजणाऱ्याला गट कळणार नाही अशी व्यवस्था त्यानेच लावून दिली आहे. मी म्हटलं, चांगलं केलंस. तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही हं." मला ते खरं वाटलं नाही, पण मी मान डोलावली.

आता मी शिकवते. विद्यार्थी आलेख घेऊन येतात, तेव्हा मी आधी आकडे बघत नाही. मोजलं कुणी, आणि मोजताना त्याला काय माहीत होतं, हे विचारते. त्यांना मी संशयी बाई वाटते. पाठीमागे तसं म्हणतातही, एकदा जिन्यात माझ्या कानावर आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. फक्त एवढंच वाटलं की संशयाचीही एक खोड असते, तोही आपल्याला हवं तेच दाखवतो, हे या मुलांना कधी आणि कसं सांगायचं?

सासूबाई अजून गोळी घेतात. म्हणजे घेत असाव्यात. मी विचारत नाही. महिन्यातून एकदा बसने एकट्याच बिबवेवाडीला बहिणीकडे जातात. मागच्या आठवड्यात जाऊन आल्या, तेव्हा मी दारातच विचारलं, "कसं झालं?"

"काही मजा नाही आली," त्या चपला काढत म्हणाल्या. "फार बोलते ती. पुढच्या महिन्यात जाईन की नाही, बघते." आणि पाठ दुखते म्हणत आत जाऊन आडव्या झाल्या.